दोन हँडलांचं मशीन

अंकासाठी लिहा म्हणून सांगायला आलेली मुलगी माझ्या नातीच्या वयाची होती. तिनं वही उघडून विचारलं, "आजी, तुमचा व्यवसाय नेमका काय होता?" मी म्हटलं, "तक्रारी ऐकणं." तिला वाटलं मी वीजबोर्डात होते. मग तिला सांगितलं की परभणीत स्टेशनकडं जाणाऱ्या एका गल्लीत आमचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, आणि गल्ल्यावर टोकनं द्यायला मी बसत असे. ती हसायला लागली. हसू दे. तेव्हाही लोक हसतच होते.

आमचे हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. गावात टीव्ही आले तसे टीव्हीही दुरुस्त करू लागले. सगळे यांना मिस्त्री म्हणत. एकदा सुटे भाग आणायला म्हणून हैदराबादेला गेले आणि येताना टेम्पोत दोन लाकडी कपाटं घालून आले. लोक हैदराबादेहून बांगड्या आणतात, मोती आणतात. आमच्या घरात कपाटं आली, आणि त्यांत एक साडी ठेवायलासुद्धा जागा नाही. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात यांनी वायर जोडली. कपाटाच्या काचेत काळं आभाळ उगवलं, चांदण्या खाली सरकू लागल्या, आणि एक इवलंसं विमान हँडल हलवेल तसं डावी-उजवीकडं पळू लागलं. यांचा चेहरा मी तसा लग्नातही बघितला नव्हता. "आपण नुसतं बघत बसायचं असा टीव्ही सगळ्यांकडं हाय," हे म्हणाले, "ह्याला आपलं ऐकावं लागतं."

मी गल्ल्यावर बसले ती नाइलाजानं. यांचं डोकं कायम मशीनच्या पोटात, मग टोकन देणार कोण? बाई गेमच्या दुकानात बसते म्हणून गल्लीत कुजबुज झाली. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण त्या अशाही फार बोलत नसत, त्यामुळं आठवडा सुखाचा गेला.

ज्यांनी हा धंदा बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ते कपाट म्हणजे मशीन. त्यात टीव्हीची मोठी काच, खाली हँडल आणि बटनं, आणि आत एक हिरवी पाटी, जिच्यावर किड्यांसारखे काळे भाग चिकटवलेले. तिला बोर्ड म्हणायचं. गेम त्या बोर्डात असतो. बोर्ड बदलला की त्याच कपाटात विमानाऐवजी मोटार धावते. हँडलाच्या बुडाशी चार छोटे स्विच असतात, चार दिशांचे. त्यातला एक जरी झिजला तरी विमान त्या दिशेला जाताना अडखळतं. आमच्याकडं उन्हाळ्यात बोर्ड तापून बधिर व्हायचे, म्हणून मशीनच्या पाठीमागं टेबलफॅन लावलेला असे. गिऱ्हाईक घामानं निथळायचं आणि वारा मशीनला! यावरूनही भांडणं व्हायची. व्होल्टेज पडलं की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. लाइट गेली की सगळंच जायचं, कुणी किती गुण केले तेसुद्धा. दिवसभर घाम गाळून मशीनवर पहिला नंबर आणलेला माणूस लाइट आल्यावर बघतो तर कोरी पाटी. तो वीजबोर्डाला काही म्हणायचा नाही. मला म्हणायचा.

गेमवर जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ बघितली, पण गेमवर खूश असलेला माणूस एकही बघितला नाही. हँडल घट्ट केलं तर घट्ट झालं, सैल केलं तर सैल झालं. जुना गेम काढला तर कामून काढला, ठेवला तर अजून तोच कामून. काहींची तर खात्री होती की मिस्त्री मागं बसून एक चोरबटन दाबतात आणि गिऱ्हाइकाचं विमान पाडतात. एकानं मागं जाऊन बघितलं. हे तिथं डबा खात बसलेले. "आता जेवायलेत म्हणून बटन दाबलं न्हाई," असं त्यानं बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं.

या सगळ्यांत सरस म्हणजे गफूरभाई. एस.टी.त ड्रायव्हर. गाडी परत फिरायला वेळ असला की खाकी कपड्यांतच आमच्याकडं यायचे आणि मोटारीच्या गेमवर बसायचे. दिवसभर गाडी चालवून पुन्हा गाडीच. त्यांची तक्रार वेगळीच. "वहिनी, ह्याचं स्टेरिंग लय हलकं हाय. गाडी म्हणल्यावर दंडाला कळ लागली पाहिजे." दुसऱ्या दिवशी, "हा रस्ता कुठला हो? एक खड्डा न्हाई, एक म्हैस आडवी येत न्हाई. ह्याला काय ड्रायव्हिंग म्हणायचं?" मी वैतागून म्हटलं, "मग येता कशाला?" ते दुखावल्यासारखे झाले. "येऊ नको का मग?"

मी संध्याकाळी यांच्याजवळ चिडचिड करायची. एक जण धड बोलत नाही, सगळी नाराज, कशाला हा धंदा? हे स्विच घासता घासता म्हणायचे, "अगं, आवडतंय म्हणून बोलायलेत. न आवडणारा एकदा येतो, गप निघून जातो. तो परत दिसतो का तुला?" यांचा त्या मशीनवरचा विश्वास असा की शिव्यासुद्धा यांना पावतीसारख्या वाटायच्या. मला तसं वाटायला बरीच वर्षं लागली. आता हे नाहीत, जाऊन बराच काळ झाला. तक्रार करायला मीच उरले आहे आणि ऐकायला कुणी नाही.

तर ते विमानाचं मशीन. त्याला दोन हँडलं होती. दोघांनी शेजारी शेजारी उभं राहायचं, दोन विमानं एकाच आभाळात, शत्रू समोरून येणार. एकमेकांना पाडायचं नसतं, एकमेकांना सांभाळायचं असतं. तरी लोक एकटेच खेळायचे, कारण दुसऱ्याच्या चुकीनं आपण मरावं हे कुणाला पटत नाही.

विलास कृषीच्या कॉलेजात शिकायचा. अंगानं दणकट, हसला की गल्लीभर ऐकू जाईल असा. एकदा तो एकटाच खेळत होता आणि मागं एक किडकिडीत मुलगा आपला नंबर यायची वाट बघत उभा होता. त्याचं नाव प्रकाश. कोर्टासमोर एका वकिलाकडं टायपिंगचं काम करायचा. त्याला राहवेना. "उजवीकडं सरका. अहो, उजवीकडं! गेलं!" विलासचं विमान खरंच गेलं. तो फिरून म्हणाला, "एवढं कळतंय तर घ्या ना दुसरं हँडल." मी दोन टोकनं पुढं सरकवली. प्रकाशची टायपिंगची बोटं बटनावर अशी पडायची की पावसाच्या थेंबांसारखा आवाज यायचा. विलास धाडसी, सरळ आत घुसणार. प्रकाश मागून त्याला राखणार. त्या दिवशी त्यांनी जिथवर मजल मारली तिथवर आमच्या दुकानात आधी कुणी गेलं नव्हतं. गेम संपल्यावर दोघं एकदम माझ्याकडं वळले आणि एकदम म्हणाले, "वहिनी, हे हँडल धड न्हाई!"

तिथून पुढं दीडदोन वर्षं ती जोडी रोज संध्याकाळी यायची. आणि काय सांगू, तक्रारींत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आवाज कमी, काच धुरकट, बटन अडकतं, फॅनची दिशा चुकली. एकाची सुरू झाली की दुसरा पूर्ण करायचा. मशीनशी भांडून झालं की आपसांत. "तू माझ्या मधी कामून आला?" "मी आलो म्हणून वाचला, लेका!" "वाचवायला कुणी बोलवलं व्हतं?" मग समोरच्या हॉटेलात एक कप चहा दोन बशांत. कुणाचं आडनाव काय, कोण कुठल्या गल्लीतला, हे त्यांनी एकमेकांना विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. परभणीसारख्या ठिकाणी ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडं माणूस भेटला की पाणी विचारायच्या आधी गाव विचारतात, आणि गाव विचारलं की घर विचारतात, आणि घर कळलं की सगळं कळतं. त्या दोघांना बहुतेक गरजच पडली नाही. आभाळ एवढं मोठं होतं आणि शत्रू समोरून येत होते.

ते विचारलं गफूरभाईंनी. त्यात त्यांचं काही वाईट मनात नव्हतं. ड्रायव्हर माणूस, प्रत्येक माणसाला तो रस्त्यानं ओळखणार. मोटारीचं मशीन त्या दिवशी बंद होतं, म्हणून ते या दोघांच्या मागं उभं राहून बघत होते.

"काय गाव म्हणायचं तुमचं?" त्यांनी विलासला विचारलं.

विलासनं काचेवरची नजर न काढता गावाचं नाव सांगितलं. जिंतूरच्या अंगाचं गाव. मी इथं नाव लिहीत नाही, तिथं अजून माणसं राहतात.

"आरं, माझी गाडी जाती की तिथं! फाट्यावर उतरून चालत जावं लागतं, न्हाई का? आन तुमचं हो?"

प्रकाशनं विमान कडेला घेतलं. मग म्हणाला, "माझंबी तेच."

विलास इतका हरखला की त्याचं विमान पडता पडता वाचलं. "काय सांगतो! आन मला आत्ता सांगतो? कुठल्या शाळंत व्हतास?"

"गावातल्याच. दुसरीपर्यंत."

"मग ते शेळीवाले गुरुजी तुला असतील! शेळी वर्गात घेऊन बसायचे."

"तिनं माझी वही खाल्ली व्हती," प्रकाश म्हणाला, आणि मी त्याला पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं.

"ते पोरगं तू? लय रडलं व्हतं ते! गुरुजींनी शेळीलाच उठाबशा काढायला सांगितल्या, म्हणून मग हसायला लागलं. तूच का रे ते?" विलासनं हँडल सोडून त्याच्या पाठीत थाप मारली. गफूरभाई हसत होते, मी हसत होते. "पण मग तू शाळंत यायचा कामून बंद झाला? आमी सगळे म्हणायचो, शेळीला भिऊन पळालं."

प्रकाशची बोटं बटनावर चालूच होती. तो काचेकडं बघत म्हणाला, "अठ्ठ्याहत्तरला आमी गाव सोडलं."

बाहेरच्या माणसाला हे वाक्य साधं वाटेल. मराठवाड्यात तसं ते साधं नाही. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि त्यावरून आमच्याकडं दंगली उसळल्या. शहरात मोर्चे निघाले, बस फोडल्या. पण खेड्यांत राग निघाला तो गावाच्या कडेला राहणाऱ्या लोकांवर. बौद्धांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नसलेल्या माणसांनी, विद्यापीठ कधी न बघितलेल्या माणसांची घरं जाळली. म्हणून आमच्याकडं कुणी म्हणालं की अठ्ठ्याहत्तरला गाव सोडलं, की पुढचं विचारायचं नसतं. सांगणारा कोण हे कळतं, आणि ऐकणारा कोण हेही त्याला स्वतःला कळतं. विलास त्या गावच्या पाटलांच्या भावकीतला होता.

दोन्ही विमानं पडली. काचेवर मोठे आकडे उलटे मोजायला लागले. ते संपायच्या आत टोकन टाकलं तर खेळ पुढं चालू राहतो. रोज या आकड्यांवर त्यांची धांदल उडायची, "टाक टाक, टाक की लेका!" त्या दिवशी दोघं आकड्यांकडं बघत उभे राहिले. शून्य आलं. काचेवर पुन्हा चांदण्या सुरू झाल्या.

"येतो वहिनी," प्रकाश म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी विलास एकटाच आला. "आला व्हता का?" नव्हता. तिसऱ्या दिवशीही तेच. तो दोन टोकनं घ्यायचा, एकच वापरायचा, दुसरं परत करायचा. पाचसहा दिवसांनी त्यानं टोकन मागितलंच नाही. गल्ल्याजवळ उभा राहून म्हणाला, "वहिनी, मी गावाकडं जाऊन आलो. बापाला इचारलं, त्या वक्ताला तुमी कुठं व्हता म्हणून."

"मग?"

"बाप जेवत व्हता. ताट सारलं आन उठला." थोडा वेळ तो उगीच टोकनांच्या डबीवर बोट फिरवत राहिला. "माझा बाप ताटात कवा शीत ठेवत न्हाई."

मला त्या मुलाची दया आली. फार आली. आपल्या बापाबद्दलचं असं काही त्या वयात कळणं म्हणजे काय, हे मी समजू शकत होते. त्याला जवळ घेऊन सांगावंसं वाटलं की बाळ, यात तुझं काही नाही. पण गल्ल्यावरच्या बाईनं गिऱ्हाइकाला जवळ घ्यायची पद्धत नाही. मी त्याला पाणी दिलं.

गफूरभाईंचं तर वेगळंच. मोटारीचं मशीन दुरुस्त झालं तरी ते त्यावर बसेनात. "मी नुस्तं गाव इचारलं, वहिनी. गाडीत रोज इचारतो, तिकीट कुठलं म्हणून. गाव इचारायचं बी न्हाई का आता?"

शेवटी कोर्टाच्या कामाचं निमित्त करून मी स्वतःच प्रकाशकडं गेले. वकिलाच्या टपरीबाहेर टेबल टाकून तो बसला होता. मला बघून उठला, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हटलं, विलास रोज येऊन तुझी वाट बघतो रे. त्याचा काय दोष?

"त्याचा काईच न्हाई," तो म्हणाला. "मला ठाऊक हाय. तो बी दुसरीतच व्हता की."

"मग ये ना."

तो टायपिंगच्या मशीनमधला कागद सरळ करत बसला. मग एकदम बोलायला लागला. "माझा बाप गावात शिवणकाम करायचा, वहिनी. सगळ्या गावाचे कपडे त्यानं शिवलेले. ते आले तवा आई म्हणती, मी एकेकाला ओळखलं. बाप म्हणतो, उगं कुणाचं नाव घेऊ नको, अंधार व्हता, चेहरे दिसले न्हाईत. मग आई उठून गेली की मला म्हणतो, चेहरे न्हाई दिसले, पण शिवण दिसली." त्यानं माझ्याकडं बघितलं. "मी घरी गेलो की आई रोज इचारायची, आज कोण जिंकलं? मी सांगायचो, आमी दोघं. तिला विलास नाव पाठ झालंय. आता कोणता विलास हे मी तिला कसं सांगू?"

मी चहा तसाच ठेवून आले. यांना सांगितलं तेव्हा हे हातातला स्विच घासत राहिले. मग म्हणाले, "येतील. गेम चांगला हाय." मला रडावं की हसावं कळेना.

त्याच सुमाराला हैदराबादचा बोर्डवाला माणूस आला. तिकडं नवा गेम आला होता, मारामारीचा. यातही दोन हँडलं, पण दोघांनी एकमेकांनाच बडवायचं. आमची गिऱ्हाइकं हट्टाला पेटली होती. जिंतूरला आला, परभणीत का नाही? मिस्त्री म्हातारे झाले का? विमानाच्या मशीनवर आता माशी बसत नव्हती. बोर्डवाला म्हणाला, विमानाचा बोर्ड द्या, वरती थोडे घाला, हा घ्या. हेही तयार झाले. यांना प्रत्येक नवा गेम आवडायचा, त्यात यांचा काही दोष नाही. मीच आडवी आले. म्हटलं, ते मशीन राहील. यांनी विचारलं, कुणासाठी? मी टोकनं मोजायला घेतली, आणि यांनी परत विचारलं नाही. बोर्डवाला पुढच्या फेरीला येतो म्हणून गेला. गिऱ्हाइकं मला तोंडावर बोलू लागली. बोलू दे म्हटलं, ऐकायचीच तर सवय आहे. रोज सकाळी मी त्या मशीनची काच पुसायची आणि चालू करून ठेवायची. दिवसभर ते एकटंच चांदण्या पाडत राहायचं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. नाव पूर्ण बदललं नाही, जुन्याला नवं जोडलं. कुणी पेढे वाटले, कुणी बंद पाळला. चौकात पोलीस बसले होते. आम्ही काही दिवस दुकान उघडलंच नाही. मला मात्र आतून आशा वाटत होती. एवढी वर्षं ज्यावरून जळत होतं ते मिटलं, आता पोरंही येतील. बाईमाणसाचा हिशेब असा सरळ असतो असं कुणी म्हणेल. पण हिशेब चुकला नाही. ते आले.

उन्हं वाढायला लागली होती. विलासची परीक्षा जवळ आली होती. त्यानंतर तो गावी जाणार होता, शेती बघायला. तो दारात उभा होता आणि त्याच्यामागं प्रकाश. कुणी कुणाला बोलावलं होतं, रस्त्यात भेटले होते की काय, मी विचारलं नाही. गावाचंच काय, त्या दुकानात कुणालाच काही विचारायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. दोन टोकनं पुढं केली. पैसे घेतले नाहीत. हे मशीनमागून डोकं काढून बघत होते आणि यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खुणेनं यांना आत व्हायला सांगितलं.

दोघं आपापल्या हँडलाशी उभे राहिले. विलास डावीकडं, प्रकाश उजवीकडं. चांदण्या सरकू लागल्या. प्रकाशच्या बोटांचा तो आवाज सुरू झाला आणि मला वाटलं, झालं, आता सगळं ठीक होईल.

पण दोघंही गप्प होते. विलास आत घुसत नव्हता. प्रकाशला वाट द्यायला तो कडेकडेनं चालला होता. प्रकाश त्याला वाट द्यायला मागं राहत होता. मधलं सगळं आभाळ मोकळं आणि दोन विमानं दोन कोपऱ्यांत, पाहुण्यांसारखी. एवढ्यात डावीकडून एक गोळी प्रकाशच्या विमानाकडं निघाली. त्यानं हँडल उजवीकडं दाबलं. विमान हललं नाही. मला गल्ल्यावरून दिसलं. महिनोन्महिने हात न लागल्यानं उजवीकडचा स्विच धरत नव्हता. नुसती काच पुसून काय होतं, हँडल कुणी फिरवून बघितलं होतं? प्रकाशनं पुन्हा दाबलं. विलासनं आपलं विमान मधी घातलं, तोवर उशीर झाला होता. दोन्ही एकदमच गेली.

मी वाट बघत होते. आता दोघं वळणार आणि माझ्यावर ओरडणार, वहिनी, हे काय मशीन हाय का डबडं? मी ओरडून घ्यायला तयार होते. मी तर म्हणेन, आसुसले होते.

"माझं चुकलं," प्रकाश हळू आवाजात म्हणाला.

"न्हाई," विलास म्हणाला, "माझं चुकलं."

"तुझं कसं? मी सरकायला पायजे व्हतं."

"मी मधी यायला पायजे व्हतं. आधीच."

"अरे बाळांनो," मी गल्ल्यावरून उठलेच, "हँडल बिघडलंय ते! स्विच गेलाय. मशीनचं चुकलंय, तुमचं दोघांचंही काही चुकलं नाही!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग प्रकाशनं हँडलावर एकदा हात ठेवला, जसा आपण आजारी जनावराच्या पाठीवर ठेवतो, आणि म्हणाला, "न्हाई वहिनी. मशीनला कशाला बोल लावायचा?"

काचेवर आकडे उलटे चालले होते. माझ्या मुठीत दोन टोकनं होती. ती मी दोघांच्या पुढं धरली. कुणीच घेतली नाहीत.